वारंवारता-परिवर्तकावर चालणाऱ्या पंपाच्या मोटारीचें उष्णतेपासून संरक्षण

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शेतीच्या पंपांबरोबर एक नवें यंत्र विहिरीवर आलें आहे. शास्त्रीय भाषेंत त्यास वारंवारता-परिवर्तक म्हणतात. दुकानदार व मिस्त्री त्यास 'ड्राइव्ह' किंवा 'व्हीएफडी' या नांवानें ओळखतात. ठिबक सिंचनाच्या नळ्यांतील दाब कायम राखण्यासाठीं बागाइतदार तें बसवितात. उपसा सिंचन संस्थांच्या मोठ्या पंपांवरहि तें दिसूं लागलें आहे. सन २०१९ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान कुसुम योजनेंतून जे सौर पंप मिळाले, त्यांपैकीं ए. सी. मोटारीच्या पंपांचा 'कंट्रोलर' म्हणजे याच जातीचें यंत्र होय.

या यंत्रासंबंधीं पुष्कळ ठिकाणीं असा समज आढळतो कीं, तें एकदां बसविलें म्हणजे मोटार जळण्याची भीति संपली. हा समज अर्धाच खरा आहे. मोटारीच्या रक्षणाची सोय या यंत्रांत असते हें खरें. परंतु मोटार कोणती, ती किती प्रवाह सोसते, तिच्या पोटांत उष्णतामापक आहे कीं नाहीं, विहिरींत पाणी आहे कीं नाहीं, या गोष्टी त्यास आपण सांगाव्या लागतात. कांहीं आंकड्यांनीं सांगावयाच्या असतात, कांहीं तारांनीं. जें सांगितलें नाहीं तें यंत्रास कळत नाहीं. आणि चुकीचें सांगितलें तर तें चुकीच्याच समजुतीवर मोटार चालवीत राहतें. जळगांवकडील केळीच्या बागेस मे महिन्यांत आठ दिवस पाणी तुटलें तर काय होतें, हें तेथील शेतकऱ्यांस सांगावयास नको. मोटार पुन्हां भरून आणण्याच्या खर्चापेक्षां तेवढ्या दिवसांचें पाणी बुडणें अधिक महाग पडतें. म्हणून या संरक्षणाची व्यवस्था कशी लावावी याचें विवेचन येथें केलें आहे.

मोटार कां जळते

मोटार जळते म्हणजे तिच्यांतील तांबें वितळतें असें नव्हे. तांब्याच्या तारेवर जें विद्युत्-रोधक वेष्टन असतें तें उष्णतेनें करपतें, शेजारशेजारचे वेढे एकमेकांस भिडतात, आणि मग क्षणांत वायंडिंग काळें पडतें. या वेष्टनाच्या प्रती ठरलेल्या आहेत. 'ई' प्रतीचें वेष्टन १२० अंश सेल्सिअसपर्यंत, 'बी' प्रतीचें १३० अंशांपर्यंत, 'एफ' प्रतीचें १५५ अंशांपर्यंत आणि 'एच' प्रतीचें १८० अंशांपर्यंत चालतें. मोटारीच्या नामपट्टीवर हें अक्षर छापलेलें असतें.

या मर्यादेच्या आंत राहिलें म्हणजे सर्व ठीक, असेंहि नाहीं. सन १९३० मध्यें मॉन्टसिंगर या अमेरिकन अभियंत्यानें रोहित्रांच्या वेष्टनासंबंधीं एक ठोकताळा मांडला. पुढें तोच मोटारींसहि लावण्यांत येऊं लागला. ढोबळ मानानें त्याचा अर्थ असा कीं, वेष्टनाचें तापमान १० अंशांनीं वाढलें कीं त्याचें आयुष्य निम्मे होतें. म्हणजे २० अंश अधिक तापून चालणारी मोटार आपल्या आयुष्याच्या चौथ्या हिश्शांतच संपते. मोटार एका दिवशीं जळालेली दिसते, पण तिची जळण्याची तयारी पुष्कळ महिने चाललेली असते. मोटेचा बैल दमला कीं धापा टाकी आणि मोटक्यास तें दिसे. मोटार मात्र शेवटच्या घटकेपर्यंत पाणी देत राहते.

वायंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा दुसरा नियम लक्षांत ठेवावा. प्रवाह दहा टक्के वाढला तर उष्णता २१ टक्के वाढते. वीस टक्के वाढला तर ४४ टक्के. म्हणून अँपिअरमधील थोडाहि फरक क्षुल्लक समजूं नये.

परिवर्तक काय करतो

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदास ५० आवर्तनांची असते. परिवर्तक ती प्रथम एकदिश करतो व नंतर तिच्यापासून आपणांस हव्या त्या वारंवारतेची तीन फेजची वीज तयार करून मोटारीस देतो. ५० हर्ट्झवर मिनिटास सुमारें २,८८० फेरे घेणारी मोटार ४० हर्ट्झवर सुमारें २,३०० फेरे घेते.

वेग बदलला कीं पंपाचे सर्व गुण सारख्याच प्रमाणांत बदलत नाहींत. पाण्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणांत, पाणी चढविण्याची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत, आणि लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत बदलते. ४० हर्ट्झवर वेग ८० टक्के होतो, तेव्हां उंची ६४ टक्के व शक्ति सुमारें ५१ टक्के होते. याच नियमाची दुसरी बाजूहि आहे. थोडें अधिक पाणी मिळावें म्हणून कोणी वारंवारता ५५ हर्ट्झपर्यंत चढविली, तर पाणी दहा टक्के वाढतें, परंतु मोटारीवरील भार ३३ टक्के वाढतो. ५० हर्ट्झची मोटार त्याहून वर चालवूं नये. आणि यंत्रांत कमाल वारंवारतेचा जो आंकडा असतो तो प्रथम तपासून ५० वर बांधून ठेवावा.

पहिलें संरक्षण : प्रवाहाचा हिशेब

बहुतेक परिवर्तकांत मोटारीची उष्णता अंदाजण्याचा एक हिशेब चालू असतो. मोटारीस जाणारा प्रवाह यंत्र सतत मोजतें, तो किती वेळ व कोणत्या वेगावर चालला हें पाहतें, आणि त्यावरून वायंडिंग किती तापलें असेल याचें गणित करतें. मर्यादा ओलांडली कीं तें मोटार थांबवितें. जुन्या स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले जें काम दोन धातूंच्या पट्टीनें करी, तेंच काम येथें गणितानें होतें. शिवाय या गणितांत एक सुधारणा आहे. मोटारीचा पंखा तिच्याच दांड्यावर बसविलेला असल्यामुळें वेग कमी झाला कीं वाराहि कमी होतो; ही गोष्ट हिशेबांत धरून यंत्र मंद वेगावर कमी प्रवाह चालूं देतें.

परंतु या सर्व गणिताचा पाया म्हणजे आपण भरलेले आंकडे. नामपट्टीवरील शक्ति, दाब, वारंवारता, प्रवाह व फेरे हे पांच आंकडे जसेच्या तसे यंत्रांत भरावे. यांतील प्रवाहाचा आंकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. पांच अश्वशक्तीच्या, म्हणजे ३.७ किलोवॉटच्या, जमिनीवरील मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह ४१५ व्होल्टवर साधारणतः ७.५ अँपिअरच्या आसपास असतो. पाण्यांत बुडणाऱ्या मोटारीचा याहून अधिक असतो. म्हणून अंदाजानें आंकडा भरूं नये, नामपट्टी पुसून वाचावी.

येथेंच एक घातक प्रकार घडतो. पंप वारंवार बंद पडूं लागला कीं त्याचें कारण न शोधतां प्रवाहाचा आंकडा वाढवून दिला जातो. ७.५ च्या जागीं १० भरले कीं पंप बंद पडावयाचा थांबतो खरा; परंतु आतां मोटारीस जी उष्णता कायम सोसावी लागेल ती १० भागिले ७.५ याच्या वर्गाइतकी, म्हणजे पावणेदोनपटींहून किंचित् अधिक होऊं शकते. यंत्राचें संरक्षण चालूच आहे असें पडद्यावर दिसतें. पण तें दुसऱ्याच कोणत्या तरी मोठ्या मोटारीचें रक्षण करीत असतें. भरून आणलेल्या मोटारीच्या बाबतींत नामपट्टीवर पूर्ण विसंबूं नये, कारण पुन्हां भरतांना तारेची जाडी किंवा वेढ्यांची संख्या बदललेली असूं शकते. अशा वेळीं भरणाऱ्याकडून तपशील घ्यावा. मात्र नामपट्टीहून अधिक प्रवाह कधींहि भरूं नये.

या हिशेबास जें दिसत नाहीं

हिशेब फक्त प्रवाह जाणतो; उष्णता बाहेर जाते कीं नाहीं हें त्यास कळत नाहीं. पुढील चार प्रसंगीं तो फसतो.

(१) पंख्याच्या जाळींत कडबा, धूळ किंवा सुगरणीच्या घरट्याच्या काड्या अडकून वारा बंद झाला, तरी प्रवाह तितकाच राहतो.

(२) मोटारींचे आंकडे सामान्यतः ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीं व समुद्रसपाटीपासून १,००० मीटर उंचीपर्यंत ठरविलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत हवाच ४५ अंशांवर जाते. त्यांत मोटार पत्र्याच्या पेटींत कोंडलेली असेल तर विचारावयासच नको.

(३) वीज गेली कीं कांहीं यंत्रांतील हा हिशेब पुसला जातो. वीज परत येतांच, मोटार आंतून तापलेली असतांहि, यंत्र तिला थंड समजून नव्यानें गणित सुरू करतें. जेथें वीज दिवसांतून अनेकदां जाते-येते तेथें हा दोष मोठा आहे. आपल्या यंत्रांत हिशेब राखला जातो किंवा नाहीं हें विकत घेतांनाच विचारावें.

(४) पाण्यांत बुडणारी मोटार वाऱ्यानें थंड होत नाहीं. तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानें होते. विंधन-विहिरींत पाणी मोटारीच्या बाजूनें वर चढून पंपांत शिरतें, म्हणून ती आपोआप थंड राहते. तोच पंप रुंद विहिरींत टांगला तर पाणी बाजूनें सरळ पंपाच्या तोंडांत जातें, व खालची मोटार साचलेल्या पाण्यांत तापत राहते. अशा ठिकाणीं मोटारीभोंवतीं नळकांडें बसवून पाणी तिच्या अंगावरून खेंचून घ्यावें लागतें. कांहीं उत्पादकांच्या पुस्तिकांत ४ इंची मोटारीसाठीं सेकंदास सुमारें ८ सेंटिमीटर व ६ इंचीसाठीं सुमारें १५ सेंटिमीटर असा पाण्याचा किमान वेग दिलेला आढळतो.

चौथ्या प्रसंगाशीं वारंवारतेचाहि निकट संबंध आहे. समजा, पाणी ३६ मीटर चढवावयाचें आहे आणि ५० हर्ट्झवर पंपाची कमाल उंची ५० मीटर आहे. ४० हर्ट्झवर ती उंची ३२ मीटर होते. म्हणजे पंप फिरतो, पण पाण्याचा एक थेंबहि वर येत नाहीं. गणित केल्यास सुमारें ४२.४ हर्ट्झच्या खालीं या विहिरींतून पाणी निघणार नाहीं. या स्थितींत भार हलका म्हणून प्रवाह कमी असतो, हिशेब समाधानी असतो, आणि न वाहणारें पाणी पंपांत घुसळून तापत असतें. म्हणून आपल्या विहिरीवर पाणी कोणत्या वारंवारतेस येऊं लागतें तें प्रत्यक्ष पाहून, किमान वारंवारता त्याच्या दोन-तीन हर्ट्झ वर बांधावी. पाण्यांत बुडणाऱ्या मोटारी ३० हर्ट्झच्या खालीं सतत चालवूं नयेत, असें उत्पादक सामान्यतः सांगतात.

दुसरें संरक्षण : वायंडिंगमधील थर्मिस्टर

अंदाज फसतो तेथें प्रत्यक्ष मापन उपयोगी पडतें. थर्मिस्टर हा मुगाच्या दाण्याएवढा लहान मापक असतो. तीन फेजच्या वायंडिंगांत प्रत्येकीं एक असे तीन दाणे बसवून ते एकामागून एक जोडतात व दोन बारीक तारा बाहेर काढतात. मोटारीसाठीं वापरतात त्या जातीचा गुण असा कीं, ठराविक तापमानापर्यंत त्याचा विरोध कमी असतो, आणि तें तापमान येतांच तो एकदम वाढतो. प्रचलित मानकाप्रमाणें थंड स्थितींत एका दाण्याचा विरोध २५० ओहमच्या आंत असतो. ठरलेल्या तापमानाच्या ५ अंश खालीं तो ५५० ओहमपर्यंत जाऊं शकतो. आणि ५ अंश वर तो निदान १,३३० ओहम होतो. म्हणजे तीन दाण्यांचा मिळून थंड विरोध ७५० ओहमच्या आंत, व तापल्यावर सुमारें ४,००० ओहम किंवा त्याहून अधिक. हा फरक इतका स्पष्ट आहे कीं यंत्राची चूक होण्यास जागा राहत नाहीं. उष्णता प्रवाहानें वाढो, धुळीनें वाढो कीं उन्हानें वाढो, दाणा ती सारखीच ओळखतो.

नव्या मोटारींत थर्मिस्टर मागणीप्रमाणें मिळतात. जमिनीवरील जुनी मोटार जेव्हां पुन्हां भरण्यास जाईल, तीच वेळ ते बसवून घेण्याची होय. कारण ते वायंडिंगच्या डोक्यांत वार्निश देण्यापूर्वीं बांधावे लागतात. दाण्याचें तापमान वेष्टनाच्या प्रतीस साजेसें व तिच्या मर्यादेपेक्षां अधिक नसलेलें निवडावें. विंधन-विहिरींतील लहान मोटारींत थर्मिस्टर सहसा नसतात. त्यांच्यासाठीं पुढें सांगितलेलें तिसरें संरक्षण अधिक महत्त्वाचें आहे.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. मोठ्या मोटारींत कधीं कधीं थर्मिस्टरऐवजीं 'पीटी १००' नांवाचा मापक असतो. त्याचा विरोध शून्य अंशास १०० ओहम व १०० अंशांस १३८.५ ओहम, असा हळूहळू वाढतो. दोहोंच्या तारा बाहेरून सारख्याच दिसतात. पीटी १०० जर थर्मिस्टरच्या जागीं जोडला, तर मोटार कितीहि तापली तरी विरोध हजारांच्या घरांत जाणार नाहीं, आणि यंत्र तिला सदैव थंडच समजेल. मोटारीसोबतच्या कागदांवरून मापक कोणता आहे याची खात्री केल्यावांचून जोडणी करूं नये.

टर्मिनलें : यंत्राचे कान

परिवर्तकाच्या झांकणाखालीं लहान टर्मिनलांची एक पट्टी असते. तिच्यावरील संदेश घेणारीं टर्मिनलें दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारास फक्त 'आहे' किंवा 'नाहीं' एवढेंच कळतें. तेथें २४ व्होल्टचा दाब पोंचला कीं 'आहे', न पोंचला कीं 'नाहीं'. दुसऱ्या प्रकारास कमी-अधिक प्रमाण कळतें. तें ० ते १० व्होल्ट किंवा ४ ते २० मिलिअँपिअर असा संदेश घेतें. कोणत्या टर्मिनलानें कोणतें काम करावें हें आपण यंत्रांत भरावयाचें असतें. नुसती तार लावल्यानें काम होत नाहीं. पहिल्या प्रकारचीं टर्मिनलें २४ व्होल्ट मिळाल्यानें जागीं होणार कीं शून्याशीं जोडल्यानें, हेंहि निवडावें लागतें; पहिल्या रीतीस 'पीएनपी' व दुसरीस 'एनपीएन' म्हणतात. ही निवड उलटी झाली तर संदेश उलटे वाचले जातात.

उदाहरणादाखल पाण्याच्या पंपांसाठीं केलेली डॅनफॉस कंपनीची एफसी २०२ ही मालिका घेऊं. तिच्यांत १२ व १३ या टर्मिनलांवर २४ व्होल्ट मिळतात. १८, १९, २७, २९, ३२ व ३३ हीं 'आहे-नाहीं' प्रकारचीं. ५३ व ५४ हीं प्रमाण घेणारीं. आणि ५० वर १० व्होल्ट मिळतात. मोटारीचे आंकडे १-२० ते १-२५ या पॅरामीटरांत भरतात. उष्णतेपासून संरक्षणाची रीत १-९० या पॅरामीटरांत निवडतात: कांहींच नाहीं, थर्मिस्टरनें सूचना, थर्मिस्टरनें बंद, हिशेबानें सूचना, हिशेबानें बंद, असे तेथें पर्याय आहेत. थर्मिस्टर कोणत्या टर्मिनलास जोडला तें १-९३ मध्यें सांगतात. १-९१ मध्यें मोटारीस स्वतंत्र पंखा आहे का, असा प्रश्न असतो. पंखा दांड्यावरचाच असतांना तेथें 'होय' भरलें, तर मंद वेगावरील सवलतीचें संरक्षण निघून जातें.

थर्मिस्टर ५० व ३३ या टर्मिनलांमध्यें जोडला असतां हें यंत्र ८०० ओहमच्या आंत मोटार थंड समजतें व २,७०० ओहमच्या वर ती बंद करतें. तीन दाण्यांचे ७५० व ४,००० हे आंकडे या दोन मर्यादांच्या अगदीं बरोबर दोन्ही बाजूंस बसतात. तोच थर्मिस्टर २४ व्होल्टवर जोडला तर बंद होण्याची मर्यादा १०,८०० ओहमवर जाते, म्हणजे मोटार उशिरां थांबते. एका तारेची जागा बदलल्यानें केवढा फरक पडतो हें यावरून दिसेल. अशा रीतीनें वापरतांना ३३ या टर्मिनलास दुसरें कोणतेंहि काम ठेवूं नये. इतर कंपन्यांच्या यंत्रांत क्रमांक निराळे असतात. तत्त्व हेंच असतें. ज्या यंत्राची जोडणी करावयाची त्याचीच पुस्तिका समोर ठेवावी.

तिसरें संरक्षण : पाण्याचा संदेश

विहिरींतील पाणी तळाशीं गेलें आणि पंप कोरडा फिरूं लागला, म्हणजे प्रवाह घटतो. हिशेब स्वस्थ बसतो. या धोक्याची खबर तरंगत्या स्विचनें द्यावी. येथें जोडणीची रीत फार महत्त्वाची आहे. पाणी पुरेसें असतांना स्विच जोडलेला राहील व पाणी उतरलें कीं तुटेल, अशीच रचना करावी. म्हणजे २४ व्होल्टचा संदेश 'सर्व ठीक' या अर्थानें सतत येत राहतो. पाणी उतरलें तर तो थांबतो. आणि उंदरानें तार कुरतडली, पेंच सैल झाला किंवा स्विच बिघडला तरीहि तो थांबतोच, व मोटार बंद होते. उलट रचना केली, तर तार तुटल्यावर खबर देणाराच नाहींसा होतो आणि तें कोणास कळतहि नाहीं.

वर सांगितलेल्या मालिकेंत २७ क्रमांकाचें टर्मिनल कारखान्यांतून याच रीतीनें लावून येतें. त्यावर २४ व्होल्ट असल्यावांचून मोटार फिरत नाहीं. पंप सुरू होत नाहीं असें पाहून १२ ते २७ अशी तारेची उडी मारून मोकळें होण्याची पद्धत आहे. तसें केल्यानें यंत्र चालतें, परंतु एक उत्तम पहारेकरी कायमचा झोंपविला जातो. त्या उडीच्या जागीं तरंगता स्विच घालावा. पाणी खालीं-वर होऊन पंप क्षणाक्षणास सुरू-बंद होऊं नये म्हणून बंद होण्याची व पुन्हां सुरू होण्याची पातळी यांत पुरेसें अंतर ठेवावें. पुष्कळ यंत्रांत कमी भारावरून कोरडा पंप ओळखण्याचीहि सोय असते. तीहि चालू करावी, पण तिच्यासाठीं पंप भरलेला असतांना यंत्रास माप घेऊं द्यावें लागतें.

दाब मोजणारा मापक बसवावयाचा असेल तर ४ ते २० मिलिअँपिअरचा पसंत करावा. तार तुटली तर त्याचा संदेश ४ च्या खालीं जातो व दोष ओळखतां येतो. त्या वेळीं मोटार थांबावी असें यंत्रांत भरून ठेवावें. ० ते १० व्होल्टच्या मापकाची तार तुटली तर यंत्रास दाब शून्य झाला असें वाटून तें पंप पूर्ण वेगानें पळवितें.

जोडणींतील पथ्यें

(१) संदेशाच्या तारा मोटारीच्या केबलपासून दूर न्याव्या. ओलांडणें भाग असल्यास काटकोनांत ओलांडाव्या. जाळीदार वेष्टनाची केबल वापरून तें वेष्टन पुस्तिकेप्रमाणें जमिनीशीं जोडावें.

(२) परिवर्तक व मोटार यांच्या दरम्यान जुन्या स्टार्टरचा कंडेन्सर मुळींच राहूं देऊं नये. त्यानें परिवर्तक निकामी होतो.

(३) मोटारीचा रोध मेगरनें पाहतांना तिच्या तारा परिवर्तकापासून सोडवाव्या. थर्मिस्टरच्या दोन तारांमध्यें मेगर कधींहि लावूं नये. साध्या मीटरनें विरोध पाहावा.

(४) वीज तोडल्यावरहि परिवर्तकाच्या पोटांतील कंडेन्सरांत प्राणघातक दाब कांहीं मिनिटें टिकतो. यंत्रावर जितकी वेळ लिहिली असेल तितकी थांबल्यावांचून झांकण उघडूं नये. सौर यंत्रांत पॅनेलकडील वीजहि तोडावी. हें काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावें.

(५) उष्णतेमुळें बंद पडलेली मोटार आपोआप पुन्हां सुरू होणार नाहीं अशी व्यवस्था ठेवावी. कारण शोधून, मोटार निवल्यावर, माणसानेंच ती सुरू करावी.

(६) योजनेंतून मिळालेल्या सौर पंपाच्या देखभालीची जबाबदारी पांच वर्षें पुरवठादारावर असते. त्या कंट्रोलरांतील आंकडे स्वतः बदलूं नयेत. मात्र कोणते आंकडे भरले आहेत हें विचारून लिहून घ्यावें.

संरक्षणाची परीक्षा

जें संरक्षण कधीं तपासलें नाहीं तें आहे असें धरून चालूं नये. रब्बीच्या आरंभीं एकदां व उन्हाळ्यापूर्वीं एकदां पुढीलप्रमाणें परीक्षा घ्यावी. पंप चालू असतांना विहिरींतील तरंगता स्विच दोरीनें उचलून किंवा कलवून पाणी उतरल्याच्या स्थितींत आणावा. मोटार थांबली पाहिजे. वीज तोडून व वर सांगितलेली वेळ थांबून थर्मिस्टरची एक तार सोडवावी, झांकण लावून वीज द्यावी; यंत्रानें दोष दाखवून मोटार सुरू करण्यास नकार दिला पाहिजे. तिसरें, पडद्यावरील मोटारीचा प्रवाह वाचून नामपट्टीशीं ताडून पाहावा. गेल्या वेळेपेक्षां तो वाढला असेल तर बेअरिंग, पंपांतील गाळ व विजेचा दाब तपासावा.

या परीक्षेंतील आंकडे, नामपट्टीचे पांच आंकडे, किमान व कमाल वारंवारता, आणि कोणत्या टर्मिनलावर कोणती तार आहे याची यादी, एका कागदावर लिहून ती पेटीच्या दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवावी. मिस्त्री बदलला, यंत्र बदललें किंवा मोटार भरून आली, तर प्रथम तो कागद पाहून आंकडे जुळवून घ्यावे व मगच पंप सुरू करावा.